एका मिनिटाचा थांबा

असं समजा, मुलांनो, की तुम्ही एका दाराच्या आत उभे आहात. दार काचेचं आहे आणि आत्ताच, तुमच्या नाकासमोर, जराही आवाज न करता बंद झालं आहे. काचेच्या पलीकडे फलाटावर तुमचे आजोबा आहेत. त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक बॅग आहे. त्यांचा उजवा हात अजून वरच आहे, कारण त्या हातानं त्यांनी नुकत्याच गाडीच्या अंगावर दोन थापा मारल्या. आणि आता आजोबा डावीकडे सरकू लागले आहेत. तसे ते जागचे हललेले नाहीत. हलला आहात तुम्ही.

समजलात ना? मग आता तुम्ही भिंगरीच्या जागी आहात.

भिंगरी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. दहा वर्षांच्या या मुलीला एका जागी बसलेलं घरात कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून आजोबांनीच ते ठेवलं होतं. आत्ता मात्र ती खिळल्यासारखी उभी होती. दोन्ही तळवे काचेवर टेकलेले. बाहेर आजोबा काहीतरी ओरडले, चार पावलं गाडीबरोबर धावले, बॅगा राहिल्या म्हणून मागं वळले, पुन्हा पुढं वळले. मग फलाटाचा एक खांब आला, दुसरा आला, आणि आजोबा दिसेनासे झाले.

झालं ते असं. आजोबा चौतीस वर्षं बसचे कंडक्टर होते. कंडक्टर सगळ्यांत शेवटी चढतो. आधी म्हाताऱ्याकोताऱ्यांना हात द्यायचा, कुणाचं गाठोडं वर ढकलायचं, मग मागं-पुढं बघायचं, कुणी धावत येतंय का. आणि मग बसच्या पत्र्यावर दोन थापा. ड्रायव्हरला त्या बरोबर कळतात. बस हलते आणि हलत्या बसच्या पायरीवर कंडक्टर आरामात पाय ठेवतो. बस त्याला सोडून जाईलच कशी? तो थाप मारेल तेव्हाच तर ती जाणार!

पण परक्या देशातली ही गाडी या स्टेशनवर एकच मिनिट थांबत होती. आजोबांनी भिंगरीला आत चढवलं. मागून लाल कोटातली एक आजीबाई भली मोठी बॅग ओढत येत होती. तिची बॅग दोन्ही हातांनी उचलून त्यांनी आत ठेवली, मग आजीबाईला हात दिला. सवयीनं फलाटावर मागं पाहिलं, पुढं पाहिलं. कुणी राहिलं नव्हतं. आणि सवयीनंच गाडीच्या पांढऱ्याशुभ्र अंगावर दोन थापा मारल्या. नेमकं त्याच क्षणी मिनिट संपलं. बघणाऱ्याला वाटावं, गाडीनं त्यांचंच ऐकलं.

भिंगरीचा हात गळ्याकडे गेला. तिथं कापडी पिशवी लटकत होती आणि पिशवीत तिकिटं होती. दोघांचीही.

सकाळी लॉजच्या खोलीत बुटांचे बंद बांधता बांधता आजोबांनीच ती तिच्या गळ्यात अडकवली होती.

"आज कंडक्टर तू. मी प्रवासी."

"खरंच?"

"खरंच म्हणजे काय! आणि एक ध्यानात ठेव. गाडीत शब्द कंडक्टरचा. मग प्रवासी मंत्री असो, नाही तर तुझे आजोबा असोत."

पण भिंगरी घाबरली ती तिकिटांमुळे नव्हे. ती घाबरली मामाच्या आठवणीनं.

तिची आई दीड वर्षापासून या देशात होती. चष्म्याच्या काचा घासून देणाऱ्या एका कारखान्यात कामाला. तिला सुट्टी मिळत नव्हती, तेव्हा शाळेच्या दर सुट्टीत आजोबांनी भिंगरीला घेऊन तिच्याकडे जायचं, असं आजोबांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मामाला ते मुळीच पटलं नव्हतं. निघताना विमानतळाच्या दाराशी तो आजोबांना म्हणाला होता, "बाबा, बहात्तर वर्षांचे आहात तुम्ही. भाषा येत नाही, रस्ते माहीत नाहीत. जा, एकदा बघा जाऊन. पण वाटेत जरा जरी घोळ झाला, तर पोरीला परत आणायला मी येईन आणि पुढच्या खेपेपासून तुम्ही घरी. मला काही दर सुट्टीला जमायचं नाही, तेव्हा तीही घरी."

आजोबा नुसते हसले होते. "लेका, चौतीस वर्षांत माझा एक प्रवासी हरवला नाही."

आता हरवला होता. प्रवाशाला स्वतःलाच ते कळत होतं.

गाडीनं वेग घेतला. वेग घेतला म्हणजे काय, ते सांगायला हवं. आपली बस वेग घेते तेव्हा ती आधी कुरकुरते, मग खडखडते, मग सगळ्या खिडक्या थरथरतात आणि मागच्या बाकावरची माणसं उडतात. ही गाडी तसलं काही करत नव्हती. पायाखाली फरशी असावी तशी ती शांत होती. फक्त कुणीतरी छातीला हात लावून हलकेच मागं रेटतंय, असं भिंगरीला वाटत होतं. रुळांजवळचं गवत वितळून हिरवी रेघ झालं. कुंपणाचे खांब एकमेकांत मिसळून त्यांची जाळी झाली. लांबचा डोंगर तेवढा जागच्या जागी उभा होता, जणू त्याचा या धावपळीशी काही संबंधच नव्हता. दारावरच्या पाटीवर आकडे चढत होते. दोनशे दहा. दोनशे साठ. तीनशे.

तासाला तीनशे किलोमीटर. तुम्ही सावकाश एक ते बारा म्हणा. म्हणालात? तेवढ्यात गाडी एक किलोमीटर पुढं गेली. भिंगरी तिच्या वर्गात गणितात पहिली येत नसे, पण हा हिशेब तिला आजोबांनी आदल्या रात्रीच शिकवला होता आणि आता तो तिच्या डोक्यातून जाईना. अकरा, बारा. आजोबा एक किलोमीटर मागं. अकरा, बारा. आजोबा दोन किलोमीटर मागं.

आठव्या किलोमीटरला तिच्या खांद्यावर हात पडला. लाल कोटातल्या आजीबाईचा. आजीबाई तिच्या भाषेत काहीतरी बोलली, मग आपल्या बॅगेकडे बोट दाखवून पुन्हा काहीतरी बोलली आणि कपाळावर हात मारला. ते मात्र भिंगरीला बरोबर समजलं. मग आजीबाई लगबगीनं गेली आणि निळ्या टोपीच्या एका बाईला घेऊन आली. ती गाडीची तिकीट तपासनीस होती.

निळ्या टोपीच्या हातात फोनसारखं एक यंत्र होतं. ती त्यात बोलली की यंत्र तेच मराठीत बोले. पण मराठी कसलं! जुन्या पोथीतून उठून आल्यासारखं.

"लहान प्रवासी," यंत्र म्हणालं, "आपले पालक कोठे उपस्थित आहेत?"

एरवी भिंगरी पोट धरून हसली असती. "फलाटावर," ती म्हणाली. "मागच्या. आजोबा राहिले. तिकीट माझ्याकडे आहे."

यंत्र निळ्या टोपीशी तिच्या भाषेत बोललं. निळ्या टोपीनं तिकिटं पाहिली, पिशवीवर लिहिलेला आईचा फोन नंबर पाहिला आणि मान हलवली.

"चिंता नसावी. आपण अंतिम स्थानकापर्यंत आसनस्थ राहावे. आम्ही आपल्या मातेस त्वरित सूचना देऊ. वृद्ध गृहस्थ नंतर येतील."

भिंगरीनं नंबरावर तळहात ठेवला.

"आईला आत्ता नका सांगू."

"कारण?"

कारण काय सांगणार? आईला कळलं की ती घाबरून मामाला फोन करेल. मामा काही ओरडणार नाही, तो फक्त म्हणेल, "बघ, मी म्हणालो होतो." आणि आजोबा त्यानंतर कुठल्याच गाडीत चढणार नाहीत. एवढं मोठं वाक्य त्या यंत्राच्या पोथीत बसलं नसतं.

"आधी आजोबांशी बोलायचंय," ती म्हणाली.

निळ्या टोपीनं तिच्याकडे क्षणभर पाहिलं. मग कमरेचा दुसरा फोन काढून ती कुणाशी तरी बोलली. थांबली. पुन्हा बोलली. तिच्या भुवया वर गेल्या.

"मागील स्थानकाचे अधिकारी कळवतात," यंत्र म्हणालं, "की पुढील गाडी अल्पावधीत येईल. अधिकारी गृहस्थांना त्यात बसवण्यास सिद्ध आहेत. परंतु गृहस्थ चढण्यास नकार देत आहेत."

तेवढ्यात शेजारच्या रुळावरून समोरची गाडी आली. आली म्हणेपर्यंत गेली. हवेची एक चपराक काचेवर बसली आणि दोन वेळा पापणी लवेतो खिडकीत पुन्हा ऊन. भिंगरी दचकून निळ्या टोपीला चिकटली. निळ्या टोपीनं तिच्या केसांवर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं फोन तिच्या कानाला लावला.

तिकडून कुणाचा तरी मोठमोठ्यानं श्वास ऐकू येत होता.

"आजोबा?"

"भिंगरे! कुठं लागलं नाही ना गं?"

"नाही."

"बसायला जागा मिळाली?"

"आजोबा, इथं सगळीकडे जागाच आहे."

"घाबरलीस?"

"नाही." मग हळूच, "जरा."

"रडायचं नाही. घोटभर पाणी पी. शेवटच्या स्टेशनवर आई आहेच. तू सरळ आईकडे जा."

"आणि तुम्ही?"

"मी काय, येतो मागून."

"कशानं?"

"कशानं म्हणजे, येईन की! तिकीट तुझ्या गळ्यात, मी बिनतिकीट कसा चढू? हा इथला साहेब चढा चढा म्हणून हात करतोय. पण मधे कुणी विचारलं तर? चौतीस वर्षं लोकांना उतरवलंय मी."

"साहेबच चढा म्हणतोय ना, मग झालं तर."

"अगं, त्याला माझी दया येतेय. बिनतिकीट नाही बसायचं. तुला सांगतो, बिनतिकीट नाही."

भिंगरीनं फोन कानाशी घट्ट धरला. आजोबांना ती दहा वर्षं ओळखत होती. त्यांचं खरं कारण असलं की ते ठणकावून सांगत, तेही एकदाच. आत्ता त्यांनी तेच तीनदा सांगितलं होतं, आणि दर वेळी आवाज खाली गेला होता.

"आजोबा, खरं काय ते सांगा."

"काय तोंड दाखवू गं तुझ्या आईला?" आजोबा म्हणाले. "माझ्याच हातानं थाप मारली मी. प्रवासी आत, मी बाहेर, आणि मीच म्हटलं, जाऊ दे. तुझा मामा बरोबर बोलत होता. म्हातारा झालो मी. तू जा. मी इथून मामालाच फोन लावायला सांगतो."

निळी टोपी घड्याळ बघत होती. खिडकीतला डोंगर आता बराच जवळ आला होता.

तुम्ही भिंगरीच्या जागी असता तर काय म्हणाला असता? "नाही हो आजोबा, तुम्ही म्हातारे नाही," असंच ना? माझ्याही तोंडून तेच निघालं असतं. पण भिंगरीला त्या घटकेला काय सुचलं कोण जाणे. ती ताठ उभी राहिली, पिशवीतून तिकीट काढलं आणि वर्गात धडा वाचावा तसं खणखणीत वाचू लागली.

"डबा सात. आसन चौदा. प्रवासी एक, वय बहात्तर. तिकीट काढलेलं आहे, कंडक्टरकडे जमा आहे."

"काय बडबडतेस?"

"प्रवासी चढलेला नाही, म्हणून गाडी खोळंबलीय."

"कुठं खोळंबलीय! पळतेय ना ती!"

"पुढं मधे एक स्टेशन लागतं, तिथं खोळंबणार आहे. मी तिथं उतरतेय. तुम्ही मागच्या गाडीनं आलात तर आपण पुढं जाऊ. नाही आलात तर मी तिथंच बसणार. मग आईला तिथं यायला लागेल. मामालाही."

"भिंगरे, असला वेडेपणा करशील तर बघ—"

"आजोबा, गाडीत शब्द कुणाचा?"

तिकडे फलाटावर कुठलीतरी सूचना चालली होती, तेवढीच ऐकू आली.

"कंडक्टरचा," आजोबा सावकाश म्हणाले.

"आज कंडक्टर कोण आहे?"

भिंगरी उत्तरासाठी थांबली नाही.

"आणि प्रवाशानं कधी शेवटी चढायचं असतं का? गपचूप आधी चढून बसायचं. एवढं कळत नाही तुम्हाला? चढा आता."

आणि इथंच, मुलांनो, गाडी डोंगरात शिरली. खिडक्या एकदम काळ्या झाल्या, कानांत दडे बसले आणि फोन मुका झाला.

"आजोबा? आजोबा!"

निळ्या टोपीनं फोन घेऊन पाहिला आणि बोगदा संपेपर्यंत थांबली. बोगदा संपला. तिनं पुन्हा फोन लावला. मागच्या स्टेशनवर कुणी उचलेना.

आजोबा हो म्हणाले होते का नाही? ते कळायला काही मार्ग नव्हता. पाटीवर तीनशेचा आकडा होता. बाहेर एक नदी आली, तिच्यावरचा पूल आला, आणि "नदी" हा शब्द मनात पुरा होण्याआधी दोन्ही मागं पडले. मधलं स्टेशन आता सहा मिनिटांवर होतं. गाडीतच राहिली असती तर आणखी पाऊण तासात भिंगरी आईच्या कुशीत असती. दीड वर्षानं. आईच्या ओढणीला कसला वास यायचा तो आठवायचा तिनं गेले कित्येक दिवस प्रयत्न केला होता आणि तो आठवत नव्हता.

निळ्या टोपीनं यंत्र पुढं केलं. यंत्र या वेळी थोडक्यात बोललं.

"आपला निर्णय?"

भिंगरीनं दाराकडे बोट दाखवलं. "उतरायचंय," ती म्हणाली. मग पिशवीवरचा नंबर पुढं केला. "आणि आता आईला फोन करा. सांगा की आम्ही मागच्या गाडीनं येतोय. दोघंही."

निळ्या टोपीनं तिला हाताला धरून मधल्या स्टेशनवर उतरवलं आणि तिथल्या स्टेशनमास्तर बाईंच्या स्वाधीन केलं. इथंही एकच मिनिटाचा थांबा होता. जाता जाता तिनं भिंगरीला टोपीला दोन बोटं लावून सलाम केला. लाल कोटातली आजीबाई खिडकीतून दोन्ही हात हलवत होती. मग ती लांबलचक पांढरी गाडी निघून गेली आणि फलाट एकदम रिकामा झाला.

आता एक गंमत सांगतो. गाडीत पस्तीस मिनिटं गेली होती, इथं वीस. पण तुम्ही भिंगरीला विचाराल तर ती शपथेवर सांगेल की ती वीस मिनिटं दुप्पट लांब होती. फलाटावर कचऱ्याचा कपटा नव्हता. एका माळ्यानं कुंड्यांना पाणी घातलं, त्यांची पानं पुसली. स्टेशनमास्तर बाई शेजारी बसल्या होत्या. त्यांना मराठीचं एक अक्षर येत नव्हतं आणि त्यांच्याकडे यंत्रही नव्हतं, म्हणून त्या अधूनमधून नुसत्या हसत. भिंगरीनं उठून फलाटाच्या टोकापर्यंत एक फेरी मारली. मग दुसरी. पाचव्या फेरीनंतर बाईंनी हसणं सोडून दिलं.

जमिनीला आधी बारीक कंप आला. मग रुळांतून सूं असा आवाज. मग लांबवर दोन दिवे. गाडी आली ती थेट थांबलीच, जणू कुणी रेघ मारून दिली होती. सगळी दारं एका वेळी उघडली.

माणसं उतरली. एक बाबागाडी, दोन विद्यार्थी, छत्री घेतलेले एक गृहस्थ. भिंगरी सातव्या डब्यासमोर उभी होती. तिथून कुणी उतरलं नाही. तिनं आठव्याकडे पाहिलं. सहाव्याकडे पाहिलं. वर चढणारी माणसं चढली. फलाटावर आता ती आणि स्टेशनमास्तर बाई, दोघीच. बाईंनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

आणि मग पार पुढून, पहिल्या डब्याकडून, असा आवाज आला की तसा त्या चकचकीत स्टेशननं जन्मात ऐकला नसेल.

"चला, चला, चला! पुढं चला! एकच मिनिट थांबतेय गाडी!"

आजोबा दारात उभे होते. एक पाय आत, एक पाय फलाटावर. डाव्या हातानं दाराची दांडी धरलेली, उजवा हात बाहेर लांबवलेला, अर्धं अंग वाऱ्यावर. डोक्यावरची टोपी कुठं गेली होती देव जाणे. मागं त्यांच्या दोन्ही बॅगा कुणीतरी धरून उभं होतं.

भिंगरी धावली. सहावा डबा, पाचवा, चौथा. तुम्ही शाळेच्या शर्यतीत धावता ना, तसं नव्हे. मागं वाघ लागला तर धावाल तसं. तिसरा, दुसरा. आजोबांनी तिचं मनगट पकडलं, एका हिसक्यात उचलून आत घेतलं, दुसरा पाय आत ओढला आणि त्यांच्या पाठीमागं दार बंद झालं.

दोघंही आत.

"कंडक्टर," आजोबा धापा टाकत म्हणाले, "प्रवासी चढलाय."

भिंगरीनं त्यांच्या पोटात डोकं खुपसलं. आजोबांनी तिला तिथं हवं तितका वेळ राहू दिलं.

या गाडीतल्या तपासनिसाला मागून पुढून सगळं कळवलेलं होतं. तो आला तेव्हा आजोबा शाळेतल्या मुलासारखे ताठ उभे राहिले. भिंगरीनं दोन्ही तिकिटं काढून दिली. तपासनिसानं ती उलटसुलट पाहिली, परत दिली आणि दाराशेजारची भिंतीत दुमडलेली दोन आसनं खाली करून दिली. आजोबांनी मोठा उसासा टाकला.

"किती वेळ होतो हो मी बिनतिकीट?" ते स्वतःशीच पुटपुटले. "पस्तीस मिनिटं."

"तिकीट होतं. कंडक्टरकडे."

"हो, हो. कंडक्टरकडे."

पण बसतील ते आजोबा कसले! गाडीनं तीनशेचा आकडा गाठला तसे ते उठून वाटेच्या मधोमध उभे राहिले. हात सोडून. पाय जरा फाकवून, जसे ते चौतीस वर्षं उभे राहिले होते. गाडी डोंगराला वळसा घालून गेली, खिडकीतलं सगळं गाव एका बाजूला कललं. आजोबा तसूभर हलले नाहीत. त्यांनी वाट पाहिली. मग तोंड वाकडं केलं.

"हे काय? धक्का नाही, हिसका नाही. यात उभं राहायला काय लागतं? तान्हं पोरही राहील."

"मग बसा ना."

"थांब गं. एवढा वेग आयुष्यात पहिल्यांदा पायाखाली आलाय."

भिंगरी आता जाणकार झाली होती. "इकडं या. खिडकीशी. आता समोरून गाडी येईल. बघा हं. डोळे मिटायचे नाहीत."

"येऊ दे. मी काय घाबरतो?"

आली. हवेची चपराक बसली आणि आजोबा, बहात्तर वर्षांचे, दीड फूट मागं उडाले. "आई गं!" मग ते हसायला लागले. भिंगरी हसायला लागली. पलीकडच्या बाकावरचा एक गंभीर माणूस पेपर खाली करून बघू लागला, आणि तोही हसला. तीन गाड्या तशा गेल्या. तिसऱ्या गाडीला आजोबांनी खिडकीतून हात केला, ड्रायव्हर ड्रायव्हरला करतो तसा.

एकदाच, शहराच्या उंच इमारती दिसू लागल्या तेव्हा, आजोबांनी शर्टाची बटणं नीट लावली आणि म्हणाले, "तुझ्या आईला मी सांगणार आहे. तू मधे बोलायचं नाहीस."

भिंगरीनं हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

तपासनिसानं पुढं कळवलं होतं, त्यामुळे शेवटच्या स्टेशनवर आई पहिल्या डब्याच्या दारासमोरच होती. ती धावली, भिंगरीही धावली, आणि दोघी मधेच कुठंतरी एकमेकींवर आदळल्या. आईच्या ओढणीला साबणाचा आणि काच घासायच्या पावडरीचा वास येत होता. दुसरा भाग नवा होता. भिंगरीनं तोही छातीभर घेतला.

आजोबा तीन पावलं मागंच थांबले होते. बॅगा त्यांनी खाली ठेवल्या, पण पुढं आले नाहीत.

"आधी ऐक," ते आईला म्हणाले. "पोर माझ्या हातून सुटली होती. मागच्या स्टेशनवर. एकटी गेली ती गाडीत. चूक गाडीची नाही, दुसऱ्या कुणाची नाही. माझी."

आईचा भिंगरीच्या पाठीवरचा हात थांबला. तिनं आजोबांकडे पाहिलं, भिंगरीकडे पाहिलं. ती काही बोलणार तोच तिच्या हातातला फोन वाजला.

मामा होता.

"हो रे, आत्ताच आले," आई फोनवर म्हणाली. "हो, दोघंही. उशीर? हो, झाला जरा. का म्हणजे... थांब हं."

आजोबांनी हात पुढं केला. "दे इकडं. मीच सांगतो त्याला. ये म्हणतो पोरीला न्यायला."

पण फोन त्यांच्या हातात गेलाच नाही. तो भिंगरीकडे होता.

"मामा, मी बोलतेय. घोळ झाला होता. मोठा झाला होता." तिकडून मामा काहीतरी म्हणाला. "नाही, आजोबांना फोन मिळणार नाही. आधी माझं. मी सगळं सांगणार आहे, काही गाळणार नाही, आणि संपेपर्यंत तू मधे बोलायचं नाहीस. मग पुढच्या सुट्टीचं काय ते तू ठरव."

मामानं कबूल केलं असावं. भिंगरीनं मोठी बॅग आडवी केली. तिच्यावर मांडी घालून बसली. मग जरा सरकून आजोबांसाठी अर्धी जागा मोकळी केली आणि ते येऊन बसेपर्यंत थांबली.

"हां, ऐक," ती फोनमध्ये म्हणाली. "लाल कोट घातलेली एक आजी होती. आणि तिची बॅग तिला एकटीला उचलत नव्हती."